ग्रुपमधे बॉट आणि एआयचा कचरा शिरू नये म्हणून काय करायचं: आमच्या पक्षी ग्रुपचा अनुभव

मागच्या जानेवारीत आमच्या ग्रुपवर एक फोटो आला. नवी मुंबईतल्या सीवूड्सचा डीपीएस तलाव, त्यात रोहित पक्ष्यांचा म्हणजे आपल्या फ्लेमिंगोंचा भलामोठा थवा, मागे सूर्य उगवतोय, पाण्यात सगळ्यांची प्रतिबिंबं, आणि खाली चार ओळी, "आज पहाटे तलावाने गुलाबी शालू नेसला होता" वगैरे. पंधरा मिनिटांत चाळीसेक हार्ट पडले. मग नेरुळच्या एका काकूंनी विचारलं, "अहो पण एनआरआयच्या बिल्डिंगा कुठे गेल्या?"

तेव्हा सगळ्यांनी फोटो परत उघडून बघितला. त्या तलावाच्या काठावर रोज सकाळी उभं राहणाऱ्याला माहितीये की कॅमेरा कसाही धरला तरी त्या बिल्डिंगा चुकवणं सोपं नाही, आणि ह्या फोटोत मागे चक्क हिरवागार डोंगर होता. चोची बघितल्या तर अजून गंमत, मोठ्या रोहितची चोच गुलाबी आणि टोकाला काळी असते, छोट्या रोहितची गडद लालसर, इथे एकाच थव्यात पाच-सहा पक्ष्यांच्या चोची पिवळ्या. फोटो एआयचा होता. पण आम्ही काय केलं, तर "कृपया असे फोटो टाकू नका" एवढं लिहून सोडून दिलं, कारण माणूस नवीन होता, आणि मराठी इतकं छान लिहीत होता की वाटलं असेल कोणीतरी हौशी. तीन दिवसांनी त्याच नंबरवरून फ्लेमिंगो बोट सफारीच्या बुकिंगची लिंक आली, "मर्यादित जागा, आजच नोंदवा". आमच्या दोन मेंबरनी पैसे भरले. बोट नव्हती, बुकिंग नव्हतं, आणि रात्रीपर्यंत तो नंबरही बंद.

त्या दोघांना आम्ही तोंड दाखवू शकत नव्हतो हो. ग्रुपवर आलं म्हणून त्यांनी विश्वास ठेवला होता. तिथून पुढे आम्ही पाच ॲडमिननी बसून सगळी पद्धत बदलली, ती इथे लिहितेय, कारण ठाणे-नवी मुंबईत सोसायटीचे, शाळेच्या पालकांचे, ट्रेकिंगचे, ढोलपथकांचे शेकडो ग्रुप आहेत आणि सगळ्यांच्या दारात हेच येऊन उभं आहे.

पहिली गोष्ट डोक्यातून काढा, ती म्हणजे भाषेवरून ओळखू. पूर्वी ओळखता यायचं, "आपण जिंकले आहे लॉटरी रुपये" असलं मोडकं मराठी दिसलं की कोणीही समजायचं. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच हे संपलं. आता स्पॅम टाकणाऱ्याला मराठी यायची गरजच नाही, तो कुठेही बसून आगरी वळणाचं सुद्धा लिहून घेऊ शकतो, आणि एका ग्रुपला जे पाठवलं तेच शब्द बदलून दुसऱ्या दोनशे ग्रुपना पाठवू शकतो, त्यामुळे "हा मेसेज मला आधी आला होता" हे पण कळत नाही. म्हणून आम्ही आता माणूस काय लिहितो ह्यापेक्षा तो कसा वागतो ते बघतो. सगळी पद्धत ह्याच्यावर उभी आहे.

आता दार. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपची जॉइन लिंक आत्ता कुठे कुठे पडलेली आहे ते माहितीये का? आमची एका पोस्टरवर होती, एका जुन्या फेसबुक पोस्टखाली होती आणि कोणीतरी एका वेबसाईटवर पण चिकटवली होती. २०२० मधे तर अशा ग्रुपच्या लिंक गूगल सर्चमधे सापडत होत्या, तेव्हा बातम्या पण आल्या होत्या. सार्वजनिक जागी पडलेली लिंक गोळा करायला माणूस लागत नाही, प्रोग्राम लागतो. तर आज पहिलं काम हे करा, ग्रुपच्या नावावर टॅप करून इन्व्हाईट लिंकमधे जा आणि रीसेट लिंक दाबा. जुनी लिंक मेली, छापलेला क्यूआर कोड असेल तर तो पण मेला, नवीन छापावा लागेल. आमच्याकडे दर तीन महिन्यांनी करतो आणि प्रत्येक मोठ्या कार्यक्रमानंतर करतोच. मग ग्रुप परमिशन्समधे जाऊन नवीन मेंबरला ॲडमिनची मंजुरी लागेल ते ऑन करा, आणि मेंबरनी परस्पर कोणाला ॲड करणं बंद करा. एवढं केलं की अर्धा त्रास बाहेरच राहतो. ह्याला पाच मिनिटं लागतात, तरी माझ्या ओळखीच्या दहा ॲडमिनपैकी आठ जणांनी केलेलं नव्हतं.

आणि गप्प बसणारा मेंबर निरुपद्रवी आहे असं समजू नका. व्हॉट्सॲप ग्रुपमधे सगळ्यांचे मोबाईल नंबर सगळ्यांना दिसतात. एका ग्रुपमधे १,०२४ माणसं मावतात, म्हणजे एक बॉट (माणसाऐवजी प्रोग्राम चालवतो असा नंबर) आत शिरला की हजार चालू नंबर, नावं आणि डीपीसकट त्याच्या हातात, शिवाय ही सगळी माणसं कुठली आणि त्यांना कशात रस आहे हे पण फुकटात कळलं. मग काही दिवसांनी मेंबरना पर्सनलवर मेसेज यायला लागतात आणि कोणाला कळत नाही कुठून आले. आमच्या ग्रुपवर एक अक्षर न लिहिता बसलेले सोळा नंबर निघाले, त्यातले चौदा जण फोन उचलत नव्हते आणि मेसेजलाही उत्तर देत नव्हते. दोन मात्र खरे होते, एक आजोबा नुसते फोटो बघायला यायचे, त्यांना आम्ही आनंदाने ठेवलं.

आत घेताना काय विचारायचं ह्यावर आम्ही खूप भांडलो. वाकडीतिकडी अक्षरं ओळखा, ट्रॅफिक सिग्नलचे फोटो निवडा, तो जो कॅप्चा असतो, तो वेबसाईटवर साधे बॉट अडवायला अजून कामाचा आहे पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका, २०२४ मधे ईटीएच झुरिकच्या संशोधकांनी गूगलचा फोटोवाला कॅप्चा मशीनकडून शंभर टक्के सोडवून दाखवला. आमच्यातल्या काही जणांचं म्हणणं होतं की पक्ष्यांवर प्रश्न विचारू, शेकाट्याच्या पायांचा रंग कुठला, असं. पण ते एआयला तुमच्या-माझ्याआधी येतं, आणि ज्याला कालच पक्ष्यांचा नाद लागलाय त्या पोराला नाही येत, म्हणजे आपण नेमकं उलटं गाळतोय.

शेवटी आम्ही हे तीन प्रश्न ठेवले. कुठे राहता, म्हणजे नोड किंवा एरिया, पत्ता नको. ग्रुपबद्दल कोणाकडून कळलं. आणि मागच्या आठवड्यात कुठला पक्षी बघितला, तेव्हा तुम्ही काय करत होतात. तिसरा प्रश्न सगळ्यात उपयोगी. एक उत्तर असं आलं होतं: "मला लहानपणापासून निसर्ग व पक्षी यांची आवड असून, नवी मुंबईच्या समृद्ध जैवविविधतेचा अनुभव घेण्यासाठी मी या समूहात सहभागी होऊ इच्छितो." दुसरं असं: "कोपरखैरण्याला राहते खिडकीत एसीच्या मागे कबुतराने घरटं केलंय अंडी आहेत सासूबाई काढू देत नाहीत काय करू". दुसऱ्या बाईंना आम्ही दोन मिनिटांत आत घेतलं आणि तीन जणांनी त्यांना उत्तरं दिली. पहिल्याला मी लगेच नाही म्हटलं नाही, खरा माणूस पण असं लिहू शकतो (त्याबद्दल पुढे सांगते), मी फक्त उलट विचारलं, "आवड आहे तर छानच, पण मागच्या आठवड्यात काय दिसलं?" उत्तर चार सेकंदांत आलं, सात ओळींचं, आणि त्यात परत जैवविविधता. मग मी लिहिलं की एकदा फोन करा ना, बोलू. फोन आला नाही. खरा माणूस फोन करतो, नाहीतर निदान "आत्ता मीटिंगमधे आहे ताई रात्री करतो" असं तरी लिहितो.

आवाजही आता नकली बनवता येतो, माहितीये मला. पण स्पॅमवाल्याचं गणित हजारांचं असतं, एका ग्रुपसाठी पाच मिनिटं घालवायला लागली तर त्याला परवडत नाही, तो शेजारचं उघडं दार बघतो. आपल्याला अभेद्य किल्ला बांधायचा नाहीये, त्याचा वेळ महाग करायचाय.

एक मात्र कळकळीची विनंती, आधार कार्डाचा फोटो मागू नका. काही सोसायटी ग्रुपवर मी हे बघितलंय, खात्रीसाठी म्हणून आधार पाठवा, आणि मग ते शेकडो आधार कुठल्यातरी ॲडमिनच्या गॅलरीत पडून. तो फोन हरवला, हॅक झाला किंवा विकला की संपलं. सोसायटीत फ्लॅट नंबर आणि सेक्रेटरीची ओळख पुरते.

ह्याच्या पुढची पायरी म्हणजे ओसरी. जुन्या घरात कसं असायचं, अनोळखी माणूस आला तर त्याला कोणी हाकलून द्यायचं नाही, ओसरीवर बसवायचे, पाणी-चहा द्यायचे, विचारपूस व्हायची, पण माजघरात कोणी थेट नेत नव्हतं. आम्ही दोन ग्रुप केले आणि पहिल्याचं नावच ओसरी ठेवलं. व्हॉट्सॲपमधे एकेका नवीन माणसावर वेगळी बंधनं घालता येत नाहीत, मेसेज एकतर सगळे टाकणार नाहीतर फक्त ॲडमिन, म्हणून ही सोय. ओसरीवर नवीन लोक, पाचही ॲडमिन आणि हौसेने शिकवणारे सात-आठ जुने मेंबर. तिथे प्रश्न विचारा, फोटो टाका, ओळख करून द्या. लिंक आणि फॉरवर्ड बंद. साधारण दोन-तीन आठवडे गप्पा झाल्या किंवा माणूस एखाद्या रविवारी सकाळी साडेसहाला तलावावर आमच्याबरोबर फिरायला आला की त्याला मोठ्या ग्रुपमधे घेतो. बॉट रविवारी सकाळी उठून नेरुळला येत नाही. आणि हे सुरू केल्यापासून एक चांगली गोष्ट झाली जी आम्ही ठरवली नव्हती, नवीन लोक बोलायला लागले, मोठ्या ग्रुपमधे ते बिचकायचे, ओसरीवर "हा बगळा आहे की वंचक" असं विचारायला कोणाला लाज वाटत नाही.

ज्यांना यायला जमत नाही, कोणी आजारी आहे, कोणी कळव्याहून तीन शिफ्टमधे काम करतं, त्यांच्यासाठी जुन्या मेंबरने जामीन राहायचं. म्हणजे "मी ह्यांना ओळखतो" एवढं पुरत नाही, काही गडबड झाली तर पहिला फोन जामीनदाराला जाईल हे त्याला आधी सांगायचं. असं सांगितलं की लोक खरंच विचार करून नाव देतात.

टेलिग्रामवर सोयी जास्त आहेत आणि त्रास पण जास्त, तिथे ग्रुप २,००,००० माणसांपर्यंत जातो. जॉइन रिक्वेस्टला मंजुरी ठेवा, स्लो मोड लावा म्हणजे एक माणूस ठराविक वेळात एकच मेसेज टाकेल, मेंबर शंभरच्या वर असतील तर मेंबर लिस्ट लपवता येते ती लपवा, आणि दोनशेच्या वर असतील तर सेटिंगमधे त्यांचं स्वतःचं अँटी-स्पॅम मिळतं ते ऑन करा. पहारा द्यायला एखादा तयार बॉट ठेवायचा असेल तर त्याला फक्त मेसेज डिलीट आणि बॅन करायचे हक्क द्या, बाकी टिक काढून टाका. लक्षात घ्या की ॲडमिन केलेला बॉट ग्रुपमधला प्रत्येक मेसेज वाचू शकतो, म्हणून कोणीतरी सुचवला म्हणून कुठलाही बॉट आणून बसवू नका. फेसबुक ग्रुपला तीन प्रश्न विचारता येतात, उत्तर दिल्याशिवाय आत घेऊ नका, आणि पोस्ट अप्रूव्हल ऑन ठेवा, बास.

आता आत आलेल्यांमधून ओळखायचं कसं. एखादं लक्षण दिसलं म्हणून कोणाला बॉट ठरवू नका, तीन-चार जमले तर मग बघा. रात्री तीनला एकदम पाच-सहा जणांची रिक्वेस्ट येते. डीपी गुळगुळीत, कान किंवा चष्म्याची काडी नीट बघितली तर कुठेतरी वितळल्यासारखी. प्रत्येक पोस्टखाली "खूप सुंदर माहिती, धन्यवाद" पण पोस्ट मेलेल्या पक्ष्याची असते, हे आमच्याकडे खरंच झालं, वायरमधे अडकून मेलेल्या घारीच्या फोटोखाली "अप्रतिम टिपलंय, असेच फोटो टाकत राहा". त्या दिवशी मला फार राग आला होता. काही नंबर महिना-दीड महिना गप्प बसतात, मधूनच एखादा अंगठा देतात, म्हणजे जुने मेंबर वाटावेत, आणि मग एक दिवस लिंक. परदेशी कोडचे नंबर, +८४, +६२ वगैरे, लोकांना आता माहीत झालेत, पण ९१ वाले नंबर म्हणजे सुरक्षित असं अजिबात नाही, भाड्याची सिम मिळतात. आपल्याकडे मोसम पण ठरलेले आहेत. सिडकोची घरांची लॉटरी निघाली की नकली फॉर्म, नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरमधे झालं तेव्हापासून उलवे-पनवेलच्या प्लॉटची रांग, लग्नसराईत पत्रिकेच्या नावाने एपीके फाईल (उघडली की फोनमधे परस्पर ॲप बसवणारी), आणि आमच्याकडे नोव्हेंबर ते मे रोहित येतात तेव्हा सफारी. त्या त्या दिवसांत दोन ॲडमिन जास्त जागे ठेवा.

फोटोंबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण आमचा जीव तिथे अडकलाय. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मधे झालं, २०२२ मधे त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि डीपीएस तलाव वाचवायला इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, मोर्चे काढले, तेव्हा कुठे २०२५ मधे राज्य वन्यजीव मंडळाने तो राखीव करायला मंजुरी दिली. ह्या सगळ्यात कामाला काय येतं, तर कोणी कुठल्या तारखेला काय बघितलं त्याच्या नोंदी. लोक ग्रुपवरून ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाईटवर, नोंदी टाकतात. त्यात एआयचे चार खोटे थवे शिरले आणि उद्या कोणी म्हणालं की तुमच्या नोंदी बनावट आहेत तर खऱ्या नोंदींची पण किंमत जाते. म्हणून आमच्याकडे फोटो नोंदीत घ्यायचा असेल तर मूळ फाईल लागते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली तारीख, कॅमेरा, जागा ही माहिती निघून जाते, तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळचा तसाच येतो. तो ग्रुपवर नाही टाकायचा, एका ॲडमिनला पर्सनलवर द्यायचा, कारण त्यात जीपीएस असतं, आणि घरट्याची जागा असो की तुमची गॅलरी असो, सगळ्यांना कळायला नको.

मूळ फाईल नसेल तर गूगल लेन्समधे टाकून बघा आधी कुठे आलाय का. गूगलच्या एआयने बनवलेल्या फोटोंवर सिंथआयडी नावाची न दिसणारी खूण असते, ती सापडली तर प्रश्न मिटला, पण नाही सापडली म्हणजे फोटो खरा असं होत नाही, बाकीच्या कंपन्यांची टूल्स आहेतच. सगळ्यात भरवशाची आपली स्वतःची माहिती. पाय मोजा, पाण्यातल्या प्रतिबिंबात पक्षी तेवढेच आहेत का बघा. आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडा! खाडीला ओहोटी असते तेव्हा रोहित बहुतेक करून बाहेर चिखलात चरत असतात, भरतीचं पाणी चढलं की तलावांकडे येतात. कोणी सकाळी सातचा तलावातला हजारांचा थवा दाखवतंय आणि त्या वेळी खाडीला पूर्ण ओहोटी होती तर चार प्रश्न विचारायला हरकत नाही. तुमचा ग्रुप पक्ष्यांचा नसेल तरी अशी काहीतरी गोष्ट तुमच्याकडे असणारच जी फक्त तिथल्या माणसाला माहीत असते, पालकांच्या ग्रुपमधे शाळेच्या मागच्या गेटचा रंग, ट्रेकवाल्यांना येऊरला कुठल्या कमानीशी अडवतात ते. तीच वापरा.

आता ती गोष्ट जी मी पुढे सांगते म्हटलं होतं. नौपाड्याचे एक सर आमच्या ग्रुपमधे आले. ते मासुंदा तलावावरच्या नोंदी लिहायचे, लांबलचक, एकही चूक नाही, अर्धविराम जागच्या जागी, "सकाळी सव्वासहा वाजता दोन पाणकावळे पंख पसरून बसलेले आढळले, वारा वायव्येकडून होता." बोट सफारीचं प्रकरण ताजं होतं, कोणीतरी त्यांचा मजकूर एआय ओळखणाऱ्या वेबसाईटवर टाकला, तिथे नव्वद टक्के एआय आलं, आणि आम्ही त्यांना काढून टाकलं. न विचारता. दोन दिवसांनी त्यांच्या सुनेचा फोन आला, मग सर स्वतः बोलले. एवढंच म्हणाले, "मी चौतीस वर्षं शुद्धलेखन शिकवलं हो, मला दुसरं कसं लिहिता येणार?"

मी त्या रविवारी त्यांच्या घरी गेले. त्यांनी वह्या काढल्या, १९८७ पासूनच्या, निळ्या शाईत, तारीख, वेळ, वारा, पक्षी. एका वहीच्या पानात मोराचं नाही, साध्या साळुंकीचं पीस जपून ठेवलेलं. मला काय बोलावं सुचेना. तेव्हापासून ती ओळखणारी वेबसाईट आमच्याकडे बंद. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असलं टूल २०२३ च्या जुलैत मागे घेतलं, अचूकता कमी म्हणून, आणि त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांचे स्वतः लिहिलेले निबंध अशा टूल्सनी निम्म्याहून जास्त वेळा एआयचे ठरवले. इंग्रजीत ही गत, मराठीचं काय घेऊन बसलात. आता नियम असा की फोनवर बोलल्याशिवाय कोणालाही कायमचं काढायचं नाही. लिंक टाकली असेल तर लगेच काढा, पण त्याच दिवशी फोन करा, आणि चूक झाली असेल तर ग्रुपवर सगळ्यांसमोर माफी मागून परत घ्या. काढलं सगळ्यांसमोर आणि माफी पर्सनलवर, असं करू नका.

आणि एआय वापरलं म्हणून माणूस वाईट होत नाही. आमच्यातल्या दोघी-तिघींना मराठी टाईप करायला जड जातं, त्या बोलून लिहून घेतात, नीट करून घेतात. आम्ही सांगितलंय, बघितलेलं तुमचं हवं, शब्द कोणी सरळ केले त्याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही, फक्त एआयचं चित्र असेल तर तसं लिहा आणि नोंदीत टाकू नका.

कधी कधी स्पॅम खऱ्या मेंबरच्या नंबरवरून येतो, आणि हा सगळ्यात घातक कारण नाव ओळखीचं. ऐरोलीच्या एका दादांच्या नंबरवरून रात्री अकराला "अर्जंट वीस हजार हवेत, उद्या सकाळी देतो" आलं. त्यांना कोणीतरी व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड विचारला होता, त्यांनी दिला. अशा वेळी त्या नंबरवर व्हॉट्सॲपवर विचारत बसू नका, उत्तर चोरच देणार. साधा फोन लावा, लागत नसेल तर घरच्यांना लावा. नंबर ग्रुपमधून तात्पुरता काढा. त्या माणसाला सांगा, व्हॉट्सॲप परत आपल्या नंबरने सुरू कर, एसएमएसने नवीन कोड येईल तो टाकला की समोरचा बाहेर फेकला जातो, मग लिंक्ड डिव्हायसेस उघडून अनोळखी असेल ते लॉग आऊट कर, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लाव. ॲडमिन लोकांनी तर हा पिन आजच लावा, कारण एका ॲडमिनचा नंबर गेला की चोर बाकीच्यांना काढून ग्रुपमधे हवा तो गोंधळ घालू शकतो. वर्षभर न फिरकलेल्या लोकांचं ॲडमिनपद पण काढा, त्यांना वाईट वाटेल, समजावून सांगा.

ग्रुपवर स्पॅम पडलाच तर क्रम ठरलेला ठेवा. आधी नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट, मग ॲडमिनने सगळ्यांसाठी डिलीट, मग रिपोर्ट करून रिमूव्ह, मग दोन ओळींची सूचना. "ही लिंक फेक आहे, उघडू नका" म्हणत तीच लिंक परत टाकायची नाही, हे जुने-जाणते लोक सुद्धा करतात. कोणाचे पैसे गेले असतील तर चर्चा नंतर, त्याला तिथल्या तिथे १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करायला लावा, व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा त्या व्यवहाराचा क्रमांक) हाताशी ठेवा, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जातात, जितक्या लवकर फोन तितके गोठवले जायची शक्यता जास्त. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद मेसेज असेल तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू नावाची सोय आहे, तिथे कळवा. फसलेल्या माणसाला ग्रुपवर "अहो एवढं कळलं नाही का" असं कोणी लिहिलं तर तो मेसेज पण डिलीट करा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी सांगणारच नाही.

बरेच लोक ॲडमिन व्हायला घाबरतात, कोणी काही टाकलं तर पोलीस आपल्याला धरतील म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मधे सांगितलंय की मेंबरच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी ॲडमिन नुसता ॲडमिन आहे म्हणून जबाबदार ठरत नाही, त्यात त्याचा समान हेतू असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा भीती नको, पाच-सहा जण व्हा आणि वेळा वाटून घ्या. आमच्याकडे आता रात्री दहा ते सकाळी सहा फक्त ॲडमिन मेसेज टाकू शकतात, रात्रपाळीचा प्रश्नच मिटला.

खाली आमचा मेसेज देतेय, हवा तसा बदलून वापरा. पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त तीस दिवस राहतो, म्हणून हा ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमधे पण टाका.

"नमस्कार. ह्या ग्रुपचे ॲडमिन तुमच्याकडे पैसे, ओटीपी किंवा आधार कधीच मागणार नाहीत. कोणी आमचं नाव-फोटो लावून पर्सनलवर मेसेज केला तर आधी साधा फोन करा. फिरायला जायचे कार्यक्रम फुकट असतात, बुकिंगची लिंक कधीच नसते. एपीके फाईल आली तर उघडू नका, ॲडमिनला सांगा. एआयचं चित्र असेल तर तसं लिहा. कोणाबद्दल शंका आली तर ग्रुपवर बोलू नका, आम्हाला कळवा, आम्ही त्यांच्याशी बोलू. पैसे गेले असतील तर आधी १९३०, मग आम्हाला, रात्री कितीही वाजता. रविवारी साडेसहाला तलावावर भेटू, दुर्बीण नसली तरी चालेल."